गर्भनिरोधक गोळ्या आणि किडनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गोळ्या खाऊन किडनी जाते’ हे कुणाकडून ऐकलंच नाही अशी बाई विरळाच. सांगणारी कधी जाऊ असते, कधी ऑफिसातली मैत्रीण, कधी मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगा. माझं मत आधीच सांगून टाकते. किडनी निरोगी असेल तर तिच्या भीतीनं गोळी सोडण्याचं कारण नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र कोणतीच गोळी मनानं सुरू करू नये. खालची उत्तरं वाचून स्वतःचं बीपी आणि रिपोर्ट समजायला मदत होईल, पण औषध सुरू किंवा बंद करायचं ते डॉक्टरांशी बोलूनच.

गर्भनिरोधक गोळ्यांनी किडनी खराब होते का?

किडनी निरोगी आणि बीपी ताब्यात असेल, तर नाही. गोळीतले हार्मोन मुख्यतः यकृतात मोडले जातात आणि लघवी-शौचावाटे निघून जातात. किडनीच्या पेशींवर थेट विषासारखं काम करणारं त्यात काही नाही. डायलिसिसवर आलेल्या बायकांच्या आजाराची कारणं पाहिली तर मधुमेह, उच्च रक्तदाब, नेफ्रायटिस (किडनीचा दाह), वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या आणि बाळंतपणातली गुंतागुंत ही नावं पुढे येतात. शेवटचं कारण जरा लक्षात ठेवा, त्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

फार क्वचित, किडनीच्या शिरेत गुठळी होणं किंवा बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन किडनी अचानक बिघडणं असे प्रकार इस्ट्रोजेन असलेल्या गोळीसोबत नोंदले गेले आहेत. अशा बायकांपैकी काहींमध्ये रक्त गोठण्याचा दोष आधीपासून असतो.

मग किडनीचा विषय येतो कुठून?

बीपीवाटे. बहुतेक गोळ्यांमध्ये इथिनाइल इस्ट्रॅडिओल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. ते यकृताला अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन जास्त बनवायला लावतं. किडनीतून येणारं रेनिन या प्रथिनाचे तुकडे करतं आणि त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, शिवाय अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढवून शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. बहुतेक बायकांची किडनी हे ओळखते आणि रेनिन कमी सोडून तोल सांभाळते. काहींना ते जमत नाही. त्यांचं बीपी चढतं.

हा धागा १९६७ सालीच सापडला होता. अमेरिकन डॉक्टर जॉन लाराघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळी घेणाऱ्या आणि बीपी वाढलेल्या बायकांमध्ये रेनिन-अल्डोस्टेरॉनची ही साखळी दाखवून दिली. तेव्हाच्या गोळ्या आजच्या मानानं फारच जड होत्या. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन होतं. आज आपल्याकडच्या बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिओल असतं. आजीच्या काळातले किस्से ऐकताना हा फरक विसरू नये.

मात्रा कमी झाली म्हणून परिणाम शून्यावर आला, असंही नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९६ साली आले. गोळी घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचा धोका कधीच गोळी न घेतलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त होता. आकडा घाबरवणारा वाटतो, पण मुळात तरुण बायकांमध्ये बीपीचं प्रमाण कमी असतं. प्रत्यक्षात १०,००० बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर त्यापायी सुमारे ४१ जणींना बीपी होतं, असा तो हिशेब होता. गोळी थांबवल्यावर हा धोका लवकर ओसरतो, हेही त्यात दिसलं.

गोळी सुरू करताना काय तपासायचं? सोनोग्राफी, किडनी प्रोफाइल वगैरे?

बीपी. निरोगी तरुण बाईला बाकी काही लागत नाही. आणि नेमकी हीच तपासणी होत नाही, याचा मला फार राग येतो. दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात, पण गोळीचं पाकीट दुकानातून थेट पर्समध्ये जातं.

सुरू करण्याआधी एकदा, तीन महिन्यांनी एकदा, मग दरवर्षी बीपी मोजा. आई-वडिलांना बीपी किंवा किडनीचा आजार असेल, वजन जास्त असेल, वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर दर सहा महिन्यांनी मोजलेलं बरं. तंबाखू लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. मशेरी लावणाऱ्या बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर त्या ‘नाही’ म्हणतात, पण मशेरीतही निकोटिन असतंच आणि ते बीपी वाढवतं.

जागतिक आरोग्य संघटनेचे निकष असे : वरचं बीपी १४० ते १५९ किंवा खालचं ९० ते ९९ असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी सहसा देऊ नये. वरचं १६० किंवा खालचं १०० गाठत असेल तर अजिबात देऊ नये. एकाच मोजणीवर मात्र निर्णय होत नाही. धावतपळत दवाखान्यात पोहोचलात आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा फुगणारच. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा आणि पुन्हा मोजा.

गोळी घेताना बीपी वाढलं. आता ते कायमचं राहणार का?

सहसा नाही. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ते उतरू लागतं आणि बहुतेकींचं तीनेक महिन्यांत पूर्वपदावर येतं. तेवढ्यातही उतरलं नाही, तर बीपी आधीपासून होतं आणि गोळीच्या निमित्तानं सापडलं, असं समजून पुढच्या तपासण्या करायच्या. तिशीच्या आतल्या मुलीचं बीपी सतत चढं असेल तर लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) आणि किडनीच्या रक्तवाहिन्या बघाव्याच लागतात. गोळी थांबवलीत त्याच दिवसापासून दुसरं साधन वापरायला लागा. नको असलेलं गरोदरपण आणि चढलेलं बीपी ही जोडी फार वाईट.

सगळ्या गोळ्या सारख्याच का? माला-डी, पीसीओडीच्या गोळ्या, मिनी पिल...

नाही, आणि किडनीच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे.

सरकारी माला-एन आणि दुकानातली स्वस्त माला-डी यांत आत तेच असतं : ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिओल. अशा एकवीस गोळ्या, आणि उरलेल्या सात लोहाच्या. माला-एन आशाताईंकडे आणि उपकेंद्रावर मिळते. जुनं, साधं मिश्रण आहे, आणि रक्ताच्या गुठळ्यांच्या बाबतीत नव्या महागड्या गोळ्यांपेक्षा उजवं आहे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली आकडे दिले होते. वर्षभरात दर १०,००० बायकांमागे गोळी न घेणाऱ्यांत सुमारे २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर ९ ते १२ जणींना. (ही तिन्ही प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोन; त्यांच्या जोडीला इस्ट्रोजेन असेल तर ती मिश्र गोळी.) चकचकीत पाकिटातली गोळी जास्त ‘सेफ’ असते, हा समज सोडा.

मिनी पिलमध्ये इस्ट्रोजेन नसतं, फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. बीपीवर तिचा परिणाम जवळपास नसतो. आपल्याकडे डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची मिनी पिल मिळते. पाळी अनियमित होते, मधूनच डाग पडतात, म्हणून बायका वैतागून ती सोडतात. तक्रार खरी आहे, पण त्याचा किडनीशी संबंध नाही.

पीसीओडीसाठी ड्रोस्पायरेनोनची गोळी दिली आहे. ती किडनीला वाईट असं वाचलं.

हार्मोनच्या गोळ्यांपैकी ही अशी आहे, जिच्या माहितीपत्रकात किडनी कमकुवत असेल तर घेऊ नका असं स्पष्ट छापलेलं असतं. पण कारण समजून घ्या. ड्रोस्पायरेनोन हे स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या कुळातलं आहे. त्याचे ३ मिलिग्रॅम हे साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनइतकं काम करतात. म्हणजे मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत धरून ठेवतात. अंगावर सूज न येणं, पुरळ कमी होणं हे त्याचे फायदे याच गुणातून आलेले आहेत.

निरोगी किडनी जादाचं पोटॅशियम सहज बाहेर टाकते, त्यामुळे पीसीओडी असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला एरवी काही होत नाही. किडनी अर्धवट काम करत असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटॅशियम ५.५ च्या पुढे गेलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

धोका वाढतो तो औषधांच्या जोडीनं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांतलं काही चालू असेल, स्पायरोनोलॅक्टोन वेगळं दिलेलं असेल (चेहऱ्यावरच्या केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ ते देतात), किंवा सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक चालू असेल, तर ड्रोस्पायरेनोन सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात रक्तातलं पोटॅशियम तपासायला हवं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गोळी दिली, त्वचेच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन दिलं आणि दोघांना एकमेकांचं माहीतच नाही, असं सहज घडू शकतं. दोन्ही कागद एकाच पिशवीत ठेवा आणि प्रत्येक वेळी दाखवा. किडनीचा आजार असेल तर साध्या मिठाला पर्याय म्हणून मिळणारं ‘लो सोडियम’ मीठही वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं.

गणपतीत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या. त्यांनी किडनीला काही होईल का?

भाद्रपद आला की या प्रश्नाची रांग लागते. गौरी, सत्यनारायण, लग्न, वारी, देवदर्शनाची ट्रिप. पाळीत देवाजवळ जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण गोळी कोणती आणि किती, हा औषधाचा प्रश्न आहे.

पाळी पुढे ढकलायला सहसा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देतात. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायचं. थांबवलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. वर्षातून एकदा, थोडे दिवस, निरोगी बाईनं घेतलं तर किडनीला काही होत नाही.

पण यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून ती कुणालाही चालते, असं जे समजलं जातं ते पूर्ण खरं नाही. इतक्या मोठ्या मात्रेतलं नॉरएथिस्टेरॉन शरीरात काही अंशी इथिनाइल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतं. त्यामुळे जिला मिश्र गोळी चालत नाही, म्हणजे पूर्वी गुठळी झालेली आहे, लघवीतून भरपूर प्रथिनं जातात, बीपी फार चढं आहे, तिनं ही गोळीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. सासूबाईंच्या डब्यात मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या आहेत म्हणून तर नाहीच. सणाच्या दिवसांत दिवसभर पाणी न पिता उभं राहणं आणि उपास, हे गुठळीच्या धोक्यात भर टाकतात. गोळी घेतली असेल तर पाणी पीत राहा. पिंढरी एका बाजूला दुखून सुजली किंवा दम लागला, तर आरती संपायची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणखी एक. या डोसनं पाळी पुढे गेली तरी तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवू नका.

आयपिलसारखी ७२ तासांची गोळी?

१.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, एकदाच. इस्ट्रोजेन नाही. किडनीचा आजार असलेल्या बाईलाही वेळ आली तर घेता येते. नेहमीचं साधन म्हणून ती वापरू नये, कारण त्या कामाला ती कमी पडते. किडनीचं कारण त्यामागे नाही.

गोळी सुरू केल्यापासून पाय सुजतात. लघवीला फेसही येतो.

या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. गोळीमुळे थोडं पाणी साठतं. संध्याकाळी सपाता घट्ट होतात, स्तन जड वाटतात, पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर कमी होतं. किडनीची सूज बहुतेकदा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती दिसते, आणि पायांवर बोट दाबलं तर खळगा राहतो.

फेस एखाद्या वेळी आला तर जोरात पडणाऱ्या धारेमुळेही येतो. रोज येत असेल आणि पाणी टाकल्यावरही जात नसेल तर लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्या (अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, ते लघवीत फारसं यायला नको). ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर काळजी नाही. वर असेल तर पुन्हा तपासायचं, पण पाळीच्या दिवसांत किंवा ताप, लघवीचा संसर्ग असताना नमुना देऊ नका, रिपोर्ट फसवा येतो.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये लघवीतून किंचित अल्ब्युमिन जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. यावरून गोळीमुळे किडनी निकामी होते असं सिद्ध होत नाही. पण मधुमेह किंवा बीपी असलेल्या बाईनं गोळी घेताना वर्षातून एकदा ही तपासणी करावी, एवढं तरी त्यावरून नक्की म्हणता येतं. साधी तपासणी आहे, आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या भल्यामोठ्या पॅकेजमध्ये नेमकी तीच बऱ्याचदा नसते.

क्रिएटिनिन १.२ आलंय, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आहे. गोळी चालेल ना?

त्या आकड्याशेजारी वय आणि बाईचा देह ठेवून बघा. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि बायकांचे स्नायू पुरुषांपेक्षा कमी. तीस वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ६२ येते. त्या वयात ती शंभरच्या आसपास असायला हवी. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर स्त्री-पुरुषांसाठी एकच मर्यादा छापलेली असते, तिथे गफलत होते. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला, किंवा तो चांगला असूनही लघवीत तितका काळ अल्ब्युमिन जात राहिलं, तर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. तुमच्या उदाहरणात गोळीचा निर्णय लघवीचा रिपोर्ट आणि बीपी बघूनच व्हायला हवा, आणि ड्रोस्पायरेनोन टाळलेलं बरं.

किडनीचा आजार आहे. कोणती गोळी अजिबात नको?

इस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी या अवस्थांमध्ये नको : डायलिसिस चालू असेल, नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून भरपूर प्रथिनं जाण्याचा आजार) असेल, बीपी ताब्यात नसेल, गुठळीचा इतिहास असेल. अमेरिकेच्या २०२४ च्या गर्भनिरोधक निकषांमध्ये नेफ्रॉटिक सिंड्रोम आणि दोन्ही प्रकारच्या (रक्ताच्या आणि पोटाच्या) डायलिसिसला मिश्र गोळी थेट शेवटच्या, म्हणजे निषिद्ध वर्गात घातली आहे. नेफ्रॉटिकमध्ये लघवीतून नुसतं अल्ब्युमिन जात नाही, रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिनही निघून जातं. रक्त आधीच गोठायला टेकलेलं असतं, त्यात इस्ट्रोजेन म्हणजे आगीत तेल. मधुमेहानं किडनीवर परिणाम झाला असेल तरी मिश्र गोळी टाळतात.

आजार सौम्य, लघवी स्वच्छ, बीपी नॉर्मल अशा स्थितीत काही डॉक्टर कमी मात्रेची मिश्र गोळी देतातही. तो त्यांचा निर्णय, मेडिकलवाल्याचा नाही.

‘छाया’ गोळीत हार्मोन नाही. मग ती चालेल?

इथे हमखास चूक होते. छाया, म्हणजेच पूर्वीची सहेली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली सेंटक्रोमॅनची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. हार्मोन नसल्यानं स्तनपान करणाऱ्या बाईलाही चालते, हे तिचं मोठं बळ. पण किडनीचा आजार, टीबीसारखे दीर्घ आजार, नुकतीच होऊन गेलेली कावीळ आणि पीसीओडी या अवस्थांमध्ये ती देऊ नये असं तिच्या सूचनांमध्ये आहे. हार्मोन नाही म्हणजे कुणालाही चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

अंतरा इंजेक्शन?

तीन महिन्यांतून एकदा, इस्ट्रोजेनशिवाय, सरकारी दवाखान्यात मोफत. निरोगी किडनीला अडचण नाही. किडनीचा आजार पुढे गेलेला असेल तर हाडं आधीच कमकुवत होत असतात आणि या इंजेक्शननं हाडांची घनता आणखी उतरते, त्यामुळे डायलिसिसच्या बायकांना सहसा दुसरं सुचवतात. एकदा टोचलं की परत काढता येत नाही, हाही विचार करावा लागतो.

मग उरलं काय?

बरंच. तांबी सगळ्यात आधी. त्यात हार्मोन नाही, औषधांशी भांडण नाही, ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. एकच तोटा : पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, आणि किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. अशा वेळी लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी गर्भाशयातली हार्मोन तांबी जास्त सोयीची, कारण ती रक्तस्राव कमी करते. महाग आहे, पण अनेक वर्षं टिकते. दंडात बसवायची काडी आणि साधी मिनी पिल हेही पर्याय आहेत. ड्रोस्पायरेनोनची मिनी पिल मात्र किडनीच्या आजारात नको.

आणि घरात आणखी एक माणूस असतो. बाई डायलिसिसवर, हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी), आणि तरीही नसबंदी तिचीच करायची चर्चा चाललेली असते. पुरुष नसबंदी बिनटाक्याची होते, भूल फक्त त्या जागेपुरती लागते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.

डायलिसिस चालू आहे, पाळी सहा-सहा महिने येत नाही. गर्भनिरोधक लागतंच कशाला?

पाळी नाही म्हणजे बीज सुटत नाही, असं नसतं. डायलिसिसवरही दिवस जातात, आणि पाळीचा भरवसा नसल्यानं ते उशिरा कळतं. तोवर पोटातल्या बाळाला न चालणारी औषधं सुरूच असतात : रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन हे सगळं गरोदरपणात वर्ज्य.

सुरुवातीला म्हटलेली बाळंतपणातली गुंतागुंत ती हीच. कमकुवत किडनीवर गरोदरपणाचा ताण आला तर बीपी चढतं, झटके येऊ शकतात, बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, आणि जी किडनी आणखी दहा वर्षं चालली असती ती त्याच वर्षात थकते. गोळीच्या भीतीनं साधन सोडणारी बाई याहून मोठ्या धोक्यात उतरते. मूल हवं असेल तर तेही ठरवून, किडनीच्या डॉक्टरांना आधी सांगून, औषधं बदलून.

किडनी बदलली आहे. कधीपासून काळजी घ्यायची?

घरी आल्यापासून. नवी किडनी काम करू लागली की बीज सुटणं काही आठवड्यांतच परत सुरू होऊ शकतं. साधारण वर्षभर तरी गरोदरपण टाळायला सांगतात. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेलं मायकोफेनोलेट चालू असेल तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बदलावं लागतं. किडनी स्थिर असेल, बीपी चांगलं असेल तर हार्मोनची साधनं चालू शकतात. त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन घेत असाल तर गोळीमुळे त्याची रक्तातली पातळी वर जाऊ शकते, म्हणून ती पुन्हा मोजावी लागते.

ल्युपसमुळे किडनीला त्रास आहे.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. आधी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्त गोठण्याची शक्यता वाढवणारी प्रथिनं) तपासा. त्या असतील तर इस्ट्रोजेन अजिबात नाही. त्या नसतील आणि आजार शांत असेल तर गोष्ट वेगळी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, १८३ बायकांवरच्या अमेरिकन चाचणीत मिश्र गोळीनं ल्युपस उसळण्याचं प्रमाण वाढलं नाही. किडनीचा दाह सक्रिय असताना मात्र या निष्कर्षाचा आधार घेऊ नये.

मी भावाला किडनी देणार आहे. गोळी बंद करू का?

आपल्याकडे किडनी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त, त्यामुळे हा प्रश्न येतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधी साधारण चार आठवडे इस्ट्रोजेनची गोळी थांबवायला सांगतात, गुठळीच्या भीतीनं. त्या काळात दुसरं साधन हवंच, कारण दिवस गेले तर शस्त्रक्रिया रद्द होते. दान केल्यावर बीपी आणि लघवीची तपासणी दरवर्षी करायची, गोळी घेत असाल किंवा नसाल.

मुतखडा? लघवीची जळजळ?

मुतखड्याची नेहमीची कारणं म्हणजे कमी पाणी, जास्त मीठ, घराण्याचा वारसा. त्यात गोळीला धरत नाहीत. लघवीच्या संसर्गाचंही तेच. शुक्राणुनाशक जेलीनं संसर्ग वाढतो, गोळीनं नाही.

आईकडून आलेला किडनीच्या गाठींचा, सिस्टचा आजार आहे.

यकृतात सिस्ट किती आहेत ते बघा. इस्ट्रोजेननं यकृतातल्या सिस्ट वाढू शकतात, त्यामुळे तिथे त्या खूप असतील तर इस्ट्रोजेन टाळायचं. या आजारात बीपी लवकर चढतं, तेही लक्षात घ्या.

गोळीपेक्षा पाळीच्या दुखण्यावरची गोळी जास्त सुरक्षित ना?

उलट आहे. मेफेनॅमिक अॅसिड, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. महिन्यातून दोन दिवस, पोटभर पाणी पिऊन, निरोगी किडनी असेल तर ठीक. पण पाळीसाठी दोन, कंबरेसाठी चार, डोकेदुखीसाठी आणखी काही, असं वर्षानुवर्षं चालतं तेव्हा किडनी खरोखर झिजते. ज्या बाईला पाळीत फार दुखतं तिची वेदनाशामकं गर्भनिरोधक गोळीमुळे कमी झाली, तर तिच्या किडनीचा फायदाच झाला. जास्त रक्तस्रावासाठी दिलं जाणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड मात्र मिश्र गोळीसोबत घेऊ नका. दोन्ही मिळून गुठळीचा धोका वाढवतात, आणि किडनी कमकुवत असेल तर त्याची मात्राही कमी करावी लागते.

टीबीची औषधं चालू आहेत.

टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन झपाट्यानं संपवून टाकतं, त्यामुळे गोळी चालू असतानाही दिवस जातात. औषध संपल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा दिलं जाणारं रिफापेंटिनही तसंच करतं, आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ते दिलं जातं. तोवर तांबी किंवा निरोध.

पहिल्या बाळंतपणात बीपी खूप वाढलं होतं. आता नॉर्मल आहे.

गोळी घेता येते, फक्त बीपीवर नेहमीपेक्षा जास्त लक्ष हवं. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी लघवीत अल्ब्युमिन आहे का ते कुणी बघितलं नसेल, तर गोळी सुरू करण्याआधी बघून घ्या. त्या वेळी बीपी झालेल्या बायकांना पुढे बीपी आणि किडनीचा त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

आठ वर्षं गोळी चालू आहे. किडनीला आराम म्हणून मध्ये दोन-तीन महिने थांबावं का?

नको. किडनीत गोळी साठत नाही, त्यामुळे धुऊन काढण्यासारखं काही नसतं. उलट गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो गोळी नव्यानं सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत. महिनाभर किंवा अधिक थांबून पुन्हा सुरू केली तर तो काळ नव्यानं सुरू होतो. बीपी दरवर्षी नॉर्मल येत असेल, पस्तिशीनंतर सिगारेट-तंबाखू नसेल, तर चालू ठेवा. पाकीट संपायच्या आधी पुढचं आणून ठेवा, म्हणजे नकळत खंड पडणार नाही.